घरात दुर्मिळ आनुवंशिक सिंड्रोम असेल तर मूल होण्याचा विचार कसा करायचा, सुरुवात कुठून, विचारायचं काय

घरात एकाला दुर्मिळ जेनेटिक सिंड्रोम निघाला की बाकीच्यांच्या मनात जी भीती बसते ती कोणी मोठ्याने बोलत नाही, पण लग्न ठरताना, किंवा पहिलं मूल आजारी निघाल्यावर दुसऱ्याचा विचार करताना ती वर येतेच. कोणी रात्री दोन वाजेपर्यंत नेटवर वाचत बसतं, कोणी काहीच वाचायचं नाही असं ठरवतं, आणि कोणी न सांगताच ठरवून टाकतं की आपल्याला मूल नकोच. हे तिन्ही होऊ नये, निदान माहिती हातात असताना निर्णय व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी ही भीती सुटी करा. तिच्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. एक, आपल्याला दिवस राहतील का, म्हणजे या सिंड्रोममुळे पाळीवर, स्त्रीबीजावर, स्पर्मवर काही परिणाम होतो का. दोन, मुलाला आजार जाईल का. तीन, गरोदरपण आईला झेपेल का आणि पोटातल्या बाळाला आईच्या आजाराचा किंवा औषधाचा त्रास होईल का. या तिघांची उत्तरं वेगळी, टेस्ट वेगळ्या आणि बऱ्याचदा डॉक्टरही वेगळे. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाला पहिला प्रश्न जवळपास नसतोच, दुसरा असतो. मार्फन सिंड्रोम (शरीराला आधार देणारं ऊतक कमकुवत असतं असा आजार) असलेल्या बाईला दिवस राहायला सहसा अडचण नसते, मुलाला जायची शक्यता ५० टक्के असते, पण तिचा सगळ्यात मोठा प्रश्न तिसरा, कारण हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी रुंद झालेली असेल तर गरोदरपणात जिवाला धोका असतो. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात आणि पचनसंस्थेत घट्ट चिकट स्राव साठतो असा आजार) असलेल्या पुरुषाला पहिला प्रश्न मोठा, आणि त्यावर उपायही आहे. तेव्हा एका वहीत तीन पानं करा, प्रत्येक प्रश्नाला एक पान, आणि डॉक्टर जे सांगतील ते ज्या त्या पानावर लिहा. यानेच अर्धा गोंधळ कमी होतो.

पहिलं काम, आजारी व्यक्तीचा रिपोर्ट मिळवा

सिंड्रोमचं नाव माहीत असून भागत नाही. एकाच नावाच्या सिंड्रोममागे कधी वेगवेगळे जीन असतात, आणि एकाच जीनमध्ये शेकडो वेगवेगळे बदल असू शकतात, त्यामुळे घरात ज्याला आजार आहे त्याच्या जेनेटिक टेस्टचा पूर्ण रिपोर्ट पाहिजे, फक्त डिस्चार्ज कार्डावरचं निदान नको. रिपोर्टमध्ये एक ओळ शोधा. आधी जीनचं नाव, मग बदलाचा पत्ता, उदाहरणार्थ सिस्टिक फायब्रोसिसच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या बदलात "सीएफटीआर, सी डॉट १५२१_१५२३ डेल सीटीटी" असं काहीतरी असतं, म्हणजे त्या जीनच्या १५२१ ते १५२३ या जागेवरची तीन अक्षरं गळालेली आहेत. त्यापुढे हेटेरोझायगस की होमोझायगस, म्हणजे दोन प्रतींपैकी एकीत बदल आहे की दोन्हीत. आणि शेवटी पॅथोजेनिक (आजार करणारा), लाइकली पॅथोजेनिक (बहुधा आजार करणारा), नाहीतर व्हीयूएस असा शेरा.

हा शेरा नीट बघा. व्हीयूएस म्हणजे बदल सापडलाय पण आजार त्यानेच झालाय का हे अजून ठरलेलं नाही. अशा रिपोर्टवर गर्भाबद्दलचा निर्णय घ्यायचा नाही, कितीही घाई असली तरी. आई-वडिलांची त्याच बदलासाठी टेस्ट करून, आणि वर्ष-दोन वर्षांनी लॅबला रिपोर्ट परत बघायला सांगून, कित्येकदा तो शेरा बदलतो.

आता इथे बरेच जण फसतात म्हणून थांबून सांगते. आजारी भावाचा रिपोर्ट बाजूला ठेवून निरोगी बहीण स्वतःहून एखादी मोठी कॅरिअर पॅनल टेस्ट (कॅरिअर म्हणजे स्वतः आजारी नाही पण जीनमधला बदल बाळगून आहे अशी व्यक्ती) करून येते, निगेटिव्ह येते, घरात पेढे वाटायचेच बाकी राहतात. पण त्या पॅनलमध्ये भावाचा जो नेमका बदल तो बघितलाच गेला नसेल तर त्या निगेटिव्हला काहीच अर्थ नाही. तिने लॅबला भावाचा रिपोर्ट देऊन "हाच बदल माझ्यात आहे का" एवढंच विचारायचं असतं, ही टेस्ट छोटी असते आणि उत्तरही स्पष्ट मिळतं. तसंच फ्रॅजाइल एक्स किंवा मायोटॉनिक डिस्ट्रॉफी (स्नायूंचा आजार) यांसारखे आजार, ज्यात डीएनएचा छोटा तुकडा पुन्हापुन्हा लांबत जातो, ते नेहमीच्या एक्झोम टेस्टमध्ये, म्हणजे बहुतेक सगळ्या जीनचे कामाचे भाग एकदम वाचणाऱ्या टेस्टमध्ये, भरवशाने दिसत नाहीत, त्यांची वेगळी टेस्ट सांगावी लागते.

आणि टेस्ट कधी झालीच नसेल तर आता करून घ्या. आजारी व्यक्तीची तब्येत नाजूक असेल तर निदान तिचा डीएनए साठवून ठेवायला सांगा, कारण ती व्यक्ती गेल्यावर पुढच्या पिढीला शोधायचं कुठे हेच कळत नाही. बोलायला फार जड जातं हे, तरी बोला.

दुसरं काम, घरातल्या मोठ्यांशी बोला

एक मोठा कागद घ्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून रंगवायचं, आणि तीन पिढ्या काढा. फक्त "कोणाला हा आजार होता का" असं विचारू नका, त्याला उत्तर "नाही, आमच्यात असलं काही नाही" हेच येतं. असं विचारा की कोणाची बाळं लहानपणी गेली का, कोणाचे सारखे गर्भपात झाले का, कोणाला मूल झालंच नाही का, कोणाची पाळी फार लवकर गेली का, कोणी शिकण्यात फार मागे होतं का, कोणी तरुण वयात अचानक गेलं का.

हे का, तर फ्रॅजाइल एक्सचं उदाहरण बघा. घरात एक भाचा आहे, बोलायला उशीर, शिकण्यात अडचण. त्याच्या मावशीची पाळी पस्तिशीतच गेली, तिला मूल नाही, तिला सगळ्यांनी टेन्शन, थायरॉइड, नशीब असं काय काय सांगितलं. आणि आजोबांचे हात साठीनंतर थरथरायला लागले, चालताना तोल जातो, म्हातारपण म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. तिघांचे तीन वेगळे डॉक्टर. पण कारण एकच असू शकतं, एफएमआर१ नावाचा जीन. त्यातला तुकडा ५५ ते २०० वेळा आला तर त्याला प्रीम्युटेशन म्हणतात, २०० च्या वर गेला तर पूर्ण फ्रॅजाइल एक्स. प्रीम्युटेशन असलेल्या बायकांपैकी साधारण २० टक्क्यांना चाळिशीच्या आत ओव्हरीचं काम मंदावतं, बाकी बायकांत हे प्रमाण साधारण १ टक्का असतं. म्हणजे त्या घरातल्या पंचवीस वर्षांच्या मुलीला हे आज कळलं तर तिच्या हातात वेळ आहे, पस्तिशीत कळलं तर कदाचित नाही. तो कागद काढायला एक दुपार लागते आणि त्याने एखाद्या मुलीची दहा वर्षं वाचू शकतात, मी हे अजिबात वाढवून सांगत नाहीये.

मुलाला जायची शक्यता, आकडे कसे वाचायचे

डॉमिनंट आजार असेल, म्हणजे जीनच्या एकाच प्रतीत बदल असला तरी होणारा, तर आई किंवा वडील ज्याला आजार आहे त्याच्याकडून प्रत्येक मुलाला जायची शक्यता ५० टक्के. रिसेसिव्ह असेल, म्हणजे दोन्ही प्रतींत बदल असला तरच होणारा, आणि दोघं कॅरिअर असतील तर प्रत्येक वेळी २५ टक्के आजार, ५० टक्के नुसता कॅरिअर, २५ टक्के काहीच नाही. प्रत्येक वेळी हे शब्द महत्त्वाचे, नाणं उडवल्यावर आधी काय पडलं होतं ते नाण्याला आठवत नसतं, तसं पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन नीट होतील असा हिशोब नसतो. एक्स-लिंक्ड आजारात, म्हणजे बदल एक्स क्रोमोझोमवर असतो तेव्हा, कॅरिअर आईच्या प्रत्येक मुलग्याला आजाराची ५० टक्के शक्यता आणि प्रत्येक मुलीला कॅरिअर व्हायची ५० टक्के, पण आजारी वडिलांच्या सगळ्या मुली कॅरिअर आणि मुलग्यांना त्यांच्याकडून काहीच जात नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला दोष फक्त आईकडूनच जातो, आणि किती प्रमाणात जाईल हे आधी सांगणं अवघड असतं.

निरोगी भावंडांचा हिशोब मात्र सविस्तर करून दाखवते, कारण सगळ्यात जास्त विनाकारण भीती इथेच असते. समजा तुमच्या भावाला रिसेसिव्ह आजार आहे आणि तुम्ही ठणठणीत आहात. तुम्ही कॅरिअर असायची शक्यता दोन तृतीयांश, अर्धी नाही, कारण चारपैकी आजारी ही शक्यता तुमच्यासाठी आधीच बाद झालीये. आता समजा तो बदल बाहेरच्या लोकांत १०० मागे एकाकडे आहे. तर तुमच्या मुलाला आजार व्हायची शक्यता म्हणजे दोन तृतीयांश गुणिले एक शतांश गुणिले एक चतुर्थांश, झाली ६०० त एक. भाऊ आजारी आहे म्हणून जे लोक लग्नच नको म्हणतात त्यांनी हा आकडा एकदा शांतपणे बघावा. पण तेच लग्न सख्ख्या मामे किंवा चुलत भावंडाशी ठरत असेल, ज्याच्या घरात तोच बदल फिरतोय, तर जोडीदार कॅरिअर असायची शक्यता एक चतुर्थांश होते आणि आकडा ६०० त एक वरून २४ त एक वर येतो. आणि टेस्ट केली की ही सगळी गणितं संपतात, जोडीदार कॅरिअर नसेल तर उरलेला धोका फारच कमी.

कधी आई-वडील दोघांत बदल सापडतच नाही, मुलातच नवीन झालेला असतो. तेव्हा "परत होणार नाही" असं ठामपणे सांगितलं जातं, पण आई किंवा वडिलांच्या स्त्रीबीजांत किंवा स्पर्मच्या पेशींपैकी काहींत तो बदल लपलेला असू शकतो, म्हणून परत व्हायची शक्यता साधारण १ टक्का धरतात, काही आजारांत त्याहून जास्त. पुढच्या वेळी टेस्ट करायची की नाही ते याच्यावर ठरवा.

दिवस राहतील का, पहिल्या प्रश्नाचं पान

सर्वसाधारण सल्ला असतो की वर्षभर प्रयत्न करा, पस्तिशीच्या पुढे असाल तर सहा महिने, मग या. सिंड्रोम असलेल्या घराने हा सल्ला पाळायचा नाही. प्रयत्न सुरू करायच्या आधीच जायचं.

आणि दोघांनी एकत्र जायचं. दोष सुनेतच असणार असं धरून तिच्या सोनोग्राफ्या, तिची ऑपरेशनं आणि नवऱ्याची साधी वीर्य तपासणीसुद्धा नाही, हे अजून चालतं, याचा मला मनापासून राग येतो. वीर्य तपासणी सगळ्यात सोपी टेस्ट आहे, आधी २ ते ७ दिवस वीर्यपतन टाळून सँपल द्यायचं. एक रिपोर्ट खराब आला तर खचू नका, स्पर्म तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात म्हणून साधारण तीन महिन्यांनी परत करून बघतात.

रिपोर्टमध्ये स्पर्म शून्य आले म्हणजे दार बंद झालं असं नसतं, कारण काय ते बघावं लागतं. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांत, ९५ टक्क्यांहून जास्त, स्पर्म बाहेर आणणारी नळी जन्मतःच नसते, पण आत स्पर्म तयार होत असतात, ते छोट्या प्रोसिजरने काढून इक्सी, म्हणजे लॅबमध्ये एक स्पर्म थेट स्त्रीबीजात सोडणं, करता येतं. काही पुरुषांना फुप्फुसाचा काहीच त्रास नसतो, फक्त नळी नसते, आणि तपासल्यावर कळतं की त्यांच्यात याच जीनचे बदल आहेत, तेव्हा बायकोची या जीनची टेस्ट इक्सीच्या आधी झालीच पाहिजे. प्रायमरी सिलियरी डिस्किनेशियात (पेशींवरचे सूक्ष्म केस नीट हलत नाहीत असा आजार) स्पर्म असतात पण बऱ्याचदा हलत नाहीत, तिथेही इक्सीचा मार्ग असतो. कॉलमन सिंड्रोम, ज्यात वास येत नाही आणि वयात येणं अडतं, त्यात मेंदूकडून हार्मोनचा सिग्नल येत नाही, पण इंजेक्शनं दिली तर काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत, स्पर्म तयार होऊ शकतात आणि बायकांमध्ये स्त्रीबीज वाढू शकतं. क्लाइनफेल्टर (पुरुषात एक एक्स क्रोमोझोम जादा असणं) सहसा आई-वडिलांकडून आनुवंशिक येत नाही पण इथे सांगते, त्यात मायक्रो-टेसे नावाच्या, सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून स्पर्म शोधायच्या ऑपरेशनने साधारण १० पैकी ४-५ जणांत स्पर्म मिळतात.

पुरुषांनी एक गोष्ट अगदी ठळक लिहून ठेवा. अशक्तपणा, स्नायू, मूड यासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉन सुरू केलं की शरीर स्वतःचं स्पर्म बनवणं कमी किंवा बंद करतं. क्लाइनफेल्टर, मायोटॉनिक डिस्ट्रॉफी अशा आजारांत हे औषध देतात, आणि देताना मुलाचा विषय निघतोच असं नाही. पहिल्या इंजेक्शनच्या आधी स्पर्म फ्रीझ करायचं का, हे तुम्हीच विचारायचं.

बायकांमध्ये एएमएच ही रक्ताची टेस्ट आणि सोनोग्राफीत ओव्हरीतल्या छोट्या फॉलिकलची मोजणी, यावरून साठा किती उरलाय याचा अंदाज येतो. एएमएच कमी म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, वेळ कमी आहे एवढंच. क्लासिक गॅलॅक्टोसेमियात (दुधातली साखर शरीराला वापरता न येणं) जन्मापासून दूध बंद ठेवलं तरी ८० टक्क्यांहून जास्त मुलींच्या ओव्हरी लवकर थकतात, तरीही काही जणींना आपोआप दिवस राहिलेले आहेत. बीपीईएस नावाचा सिंड्रोम आहे, डोळ्यांच्या पापण्या जन्मतः छोट्या आणि खाली आलेल्या, फॉक्सएल२ जीन. त्याच्या एका प्रकारात ओव्हरी लवकर बंद पडतात. मुलीच्या पापण्यांचं ऑपरेशन लहानपणी होतं, ती छान दिसायला लागते, घर विसरून जातं, आणि ओव्हरीबद्दल कोणीच तिला सांगत नाही. तुमच्या घरात वडिलांना, आत्याला, मुलीला अशा पापण्या असतील तर आजच विचारा.

केमो, रेडिएशन किंवा बोनमॅरो ट्रान्सप्लांट ठरलेला असेल, जसं बोनमॅरो हळूहळू बंद पडणाऱ्या फॅन्कोनी अ‍ॅनिमियात होतं, तर स्त्रीबीज, ओव्हरीचा तुकडा किंवा स्पर्म फ्रीझ करणं शक्य आहे का हा प्रश्न ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीच्या भेटीत टाका, नंतर उपयोग नसतो.

गरोदरपण झेपेल का

इथे तुमच्या सिंड्रोमचे डॉक्टर आणि बाळंतपणाचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत, निरोप्याचं काम तुम्ही एकट्याने करू नका, एका डॉक्टरकडून दुसऱ्यासाठी लेखी चिठ्ठी मागा. मार्फनमध्ये ती रक्तवाहिनी ४५ मिलिमीटरहून रुंद असेल तर आधी दिवस राहू नयेत असंच सांगतात, म्हणून इको आधी. टर्नर (दुसरा एक्स क्रोमोझोम पूर्ण किंवा अर्धवट नसणं) असलेल्या बाईने डोनर स्त्रीबीज घ्यायचं ठरवलं तरी आधी हृदयाची पूर्ण तपासणी. ड्युशेन या स्नायू झिजण्याच्या आजाराच्या कॅरिअर बायकांनीसुद्धा, त्यांना काही होत नसलं तरी, हृदय तपासून घ्यावं. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत भुलीचं औषध जास्त लागू पडतं, म्हणून स्त्रीबीज काढतानाच्या छोट्याशा भुलीच्या आधीसुद्धा भूलतज्ज्ञाला आजाराचं नाव सांगायचं.

पीकेयू (प्रथिनांतला एक घटक, फिनाइलअ‍ॅलॅनिन, शरीराला वापरता न येणं) असलेल्या बाईचं बाळ स्वतः पीकेयूचं नसलं तरी आईच्या रक्तात फिनाइलअ‍ॅलॅनिन वाढलेलं असेल तर बाळाच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होते, म्हणून लहानपणचं पथ्य सोडून दिलेल्या मुलींनी दिवस राहायच्या आधी ते परत सुरू करावं लागतं.

औषधांची पूर्ण यादी दाखवा. फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, बीपीसाठी आणि मार्फनमध्ये देतात ती लोसार्टनसारखी औषधं, त्वचेच्या आजारांतलं अ‍ॅसिट्रेटिन, ही बाळाला बाधतात, आणि अ‍ॅसिट्रेटिन बंद केल्यावरही ३ वर्षं दिवस राहू देऊ नका असं सांगतात. पण यातलं काहीही स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करायचं नाही, फिट किंवा रक्तवाहिनीचा धोका त्याहून मोठा असतो. बदलून घ्या, आणि बदलायला काही महिने लागतात हे धरूनच प्लॅन करा.

मार्ग कोणते

टेस्ट न करता नैसर्गिक प्रयत्न करणं हाही मार्गच आहे, जोडप्याने विचार करून घेतला असेल तर तो कोणीही खोडून काढू नये. दुसरा, दिवस राहिल्यावर तपासणी, सीव्हीएस (वारेचा छोटा तुकडा काढून) १० ते १३ आठवड्यांत, अ‍ॅम्निओ (थोडं गर्भजल काढून) १५ आठवड्यांनंतर. यामुळे गर्भपात व्हायचा जादा धोका १ टक्क्याहून कमी धरतात. यात घरातला नेमका बदल लॅबकडे आधीपासून असलाच पाहिजे, दिवस राहिल्यावर शोधाशोध सुरू केली तर वेळ पुरत नाही. आणि नेहमीची एनआयपीटी रक्ताची टेस्ट नॉर्मल आली म्हणजे घरातला सिंड्रोम नाही असं समजू नका, ती मुख्यतः डाउनसारख्या क्रोमोझोमच्या आजारांसाठी असते. रिपोर्ट खराब आला तर काय करणार, याबद्दल दोघांनी टेस्टच्या आधी बोला, पूर्ण उत्तर सापडलं नाही तरी.

तिसरा मार्ग पीजीटी-एम, म्हणजे आयव्हीएफ करून गर्भ पिशवीत सोडायच्या आधी तपासणं. १९९० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये अ‍ॅलन हँडिसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स-लिंक्ड आजार असलेल्या घरांसाठी हे पहिल्यांदा यशस्वी केलं. आता पाचव्या-सहाव्या दिवसाच्या गर्भाच्या बाहेरच्या थरातून ५ ते १० पेशी काढतात, जिथून पुढे वार तयार होते तो थर. आधी लॅब तुमच्या घरासाठी वेगळी टेस्ट बसवते, त्याला तुमच्या दोघांचं आणि आजारी मुलाचं किंवा आजी-आजोबांचं रक्त लागतं, आणि त्यात काही आठवडे ते महिने जातात, ते जाऊ द्या, घाई करू नका.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. समजा १० स्त्रीबीजं निघाली, त्यातली ७-८ फलित झाली, पाचव्या दिवसापर्यंत ३-४ टिकली, आणि डॉमिनंट आजार असेल तर त्यातली निम्मी बाधित. हातात एक-दोन उरतात, कधी एकही नाही, आणि उरलेला गर्भ रुजेलच असंही नाही. बाईचं वय जसं वाढतं तसे हे आकडे खाली येतात. त्यामुळे सुरू करण्याआधी किती वेळा करायचं, किती खर्च झेपेल, कुठे थांबायचं हे दोघांनी ठरवा आणि लिहून ठेवा, कारण फोनवर "एकही गर्भ चांगला नाही" असं ऐकल्यानंतर त्या दिवशी ठरवता येत नाही. रिसेसिव्ह आजारात नुसता कॅरिअर असलेला गर्भ फेकायचा नसतो, ते मूल तुमच्याइतकंच निरोगी असेल. आणि पीजीटीत चूक व्हायची शक्यता अगदी कमी असली तरी शून्य नाही, म्हणून दिवस राहिल्यावर सीव्हीएस किंवा अ‍ॅम्निओने खात्री करायला सांगतात.

डोनर स्त्रीबीज किंवा स्पर्म घेताना, आजार रिसेसिव्ह असेल तर डोनरची त्याच जीनसाठी टेस्ट झाली पाहिजे. बहीण प्रेमाने "माझं घे" म्हणते तेव्हा तर नक्कीच, कारण तोच बदल तिच्यातही असू शकतो, फ्रॅजाइल एक्सच्या घरात हे विशेष लक्षात ठेवा. दत्तक घेणं, मूल न होऊ देणं, हेही पूर्ण निर्णय आहेत. आणि यातलं काय चालतं याचे कायदे देशोदेशी वेगळे, ते क्लिनिकलाच विचारा.

नातेवाइकांना कसं सांगायचं

सगळ्यात अवघड काम हेच. ज्याला सांगायचं त्याला त्याच्या सोयीने वाचता येईल असा छोटा मेसेज पाठवा, ग्रुपवर नाही, वैयक्तिक. असं काहीतरी: "ताई, चिनूच्या आजाराचं कारण सापडलंय, एका जीनमधला बदल आहे. तो आपल्या आईकडून आलाय, त्यामुळे तुझ्यात असायची शक्यता अर्धी आहे. तुला लगेच काही करायची गरज नाही, पण पुढे मुलाचा विचार करशील तेव्हा साध्या रक्ताच्या टेस्टने कळू शकतं. रिपोर्ट माझ्याकडे आहे, मागशील तेव्हा पाठवते. बोलावंसं वाटलं तर कधीही फोन कर, नाही वाटलं तरी चालेल." यात कोणाचा दोष नाही, दबाव नाही, आणि तिला हवा असलेला कागद कुठे मिळेल ते आहे. ती टेस्ट करणार नाही म्हणाली तर तो तिचा हक्क.

अजून एक, आणि हे फार जपून करा. ही सगळी बोलणी घरात चालू असतात तेव्हा ज्याला सिंड्रोम आहे तो बाजूच्या खोलीत ऐकत असतो. "असलं मूल नको" हे वाक्य त्याच्या कानावर कसं पडत असेल. त्याच्याशी वेगळं बसून सरळ बोला, की दादा, तू आम्हाला नको आहेस असं यात काही नाही, तुला जो त्रास झाला तो बाळाला होऊ नये एवढंच बघतोय, आणि तुला काय वाटतं ते आम्हाला ऐकायचंय. काही जण म्हणतात बरं झालं तपासताय, काही जण दुखावतात, दोन्ही ऐकून घ्या. आणि त्याचं स्वतःचं लग्न, त्याचं स्वतःचं मूल हाही विषय असू शकतो, तो घराने परस्पर बाद करायचा नाही.

घरातल्या लहान मुलांचं

निरोगी लहान मुलांची नुसतं कॅरिअर आहे का म्हणून टेस्ट करू नका, ती मोठी होऊन स्वतः ठरवतील, बहुतेक जेनेटिक तज्ज्ञांचं हेच म्हणणं असतं. पण आजारी मुलीच्या किंवा मुलाच्या सिंड्रोममध्ये पुढे ओव्हरी किंवा स्पर्मवर परिणाम होणार असेल तर ते वयात येईपर्यंत थांबू नका. मुलीला आठ-दहा वर्षांची असतानाच एंडोक्राइनच्या डॉक्टरकडे न्या, पाळी सुरू होईल का, एएमएच कधी बघायचं, ओव्हरीचा तुकडा फ्रीझ करण्याला अर्थ आहे का हे विचारा, काहींना असतो, काहींना त्या ऑपरेशनचा उगाच त्रास होतो. मुलगा असेल तर तो वयात येताना डॉक्टरांना विचारा. मुलांना थोडं थोडं, त्यांच्या वयाला कळेल असं सांगत जा, म्हणजे अठराव्या वर्षी एकदम धक्का बसत नाही. आणि त्यांच्या फाइलमध्ये जेनेटिक रिपोर्टची एक प्रत, घराण्याचा तो चौकोन-गोलांचा कागद आणि लॅबचं नाव लावून ठेवा, पुढे त्यांना स्वतः डॉक्टरकडे जायचं असेल तेव्हा हेच पहिल्या भेटीत मागितलं जाणार आहे.